६०० चौरस फुटांच्या टूबीएचकेचा ताबा मिळतोय. डिझायनर कॅटलॉगमधलीच डिझाइन्स दाखवतो. घर आमच्या राहणीला सोयीचं कसं करून घ्यावं?

ताबा मिळाल्या मिळाल्या सुतार लावू नका. मी लावला होता.

आमचा फ्लॅट ठाण्यात, साधारण तुमच्याएवढाच. मी, बायको, आई आणि मुलगी. डिझायनरने हॉलमध्ये सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल बसवलं. बायको नर्स, महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट ड्यूटी. चौघं एकदम जेवायला बसलो असं सणावारीच होतं. त्या टेबलावर दोन वर्षं वाळलेल्या कपड्यांचा डोंगर होता. शेवटी अर्ध्या किमतीत विकलं, तर डोंगर सोफ्यावर गेला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की कपड्यांच्या घड्या घालायला घरात जागाच नाही! आता ड्राय बाल्कनीच्या दाराशी कमरेइतक्या उंचीची एक फळी आहे, भिंतीला मिटणारी. खर्च टेबलाच्या पासंगालाही पुरणार नाही.

तेव्हा आत्ता राहताय त्या घरात आठवडाभर बघा: चाव्या, दप्तर, ओली छत्री, औषधं कुठे पडतात? ओरडूनही जिथे पडतात, तिथेच त्यांची जागा करा. नव्या घरात गाद्या टाकून, जुनं कपाट लावून शक्य तर एक पावसाळा काढा. कपडे कुठे वाळतात, कोणत्या खिडकीतून पाणी आत येतं हे जुलैत कळतं, कॅटलॉगमध्ये नाही.

खोल्यांच्या नावांवर जाऊ नका. आमची ‘मास्टर बेडरूम’ पश्चिमेला, रस्त्यावर. दुपारी तापते आणि रिक्षांचे हॉर्न. रात्रभर जागून आलेलं माणूस तिथे झोपणार कसं? ती आई आणि मुलीला दिली, आम्ही उत्तरेच्या लहान खोलीत गेलो. ऊन येत नाही, दुहेरी पडदा लावला की दुपारीही अंधार. कुकरच्या शिट्ट्या मात्र ऐकू यायच्या, म्हणून कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं. बराच फरक पडला.

ओट्याची उंची बिल्डरच्या मापाने घेऊ नका. हात कोपरात काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार-पाच इंच वजा करा. आमच्याकडे स्वयंपाक मी करतो, उंची पाच फूट अकरा. ३३ इंचांच्या ओट्यावर कणीक मळून कंबर धरायची, ३९ केला. आई चार फूट दहा, तिला तो गळ्याशी आला म्हणा ना. तिच्यासाठी खिडकीजवळ बुटकं टेबल ठेवलंय, भाजी तिथे बसून निवडते. पूर्वी ती जमिनीवर विळी घेऊन बसायची, आता गुडघे ऐकत नाहीत.

एक गोष्ट कितीही आवडली तरी करू नका: बाथरूम किंवा मोरी हलवणं. तिथला स्लॅब पाइपांसाठी मुद्दाम खोलगट केलेला असतो. ओली जागा दुसरीकडे नेलीत तर गळती खालच्यांच्या बेडरूममध्ये, आणि सोसायटीची पत्रं तुमच्या दारात. कॉलम-बीमलाही हात नाही. आतली विटांची भिंत काढायची तरी आधी इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची परवानगी घ्या.

देवघर कुठे, हे मला विचारू नका. आई आमचं दर दिवाळीला हलवते.