‘सिरीज दीड’साठी चौदा हजार पौंड जास्त द्यावेत का?

कोव्हेंट्रीहून एका वाचकांनी विचारलंय : वय ४७, पती-पत्नी दोघंही नोकरीत. पेन्शन सोडून बचत १,३०,००० पौंड, घराचं कर्ज अजून १,६०,००० बाकी, मुलगी दोन वर्षांनी विद्यापीठात जाणार. लहानपणापासून मनात असलेली जॅग्वार ई-टाइप ही स्पोर्ट्स गाडी समोर आली आहे : १९६८ची, उघड्या टपाची, उजव्या स्टिअरिंगची, ‘सिरीज दीड’, म्हणजे सिरीज वन आणि सिरीज टू यांच्या मधली. विक्रेता ८८,००० मागतो, कारण ‘अशा फारच थोड्या झाल्या’. अशा किती गाड्या बनल्या याचा त्याचा आकडा यांना दुसरीकडे मिळालेल्या आकड्याच्या निम्मा आहे. तशाच अवस्थेतली दुसरी ‘दीड’ ७४,०००ला आहे, पण तिचा मालक दुर्मिळतेबद्दल काही बोलत नाही. पत्नीचं म्हणणं, घरखर्चाच्या पैशाला हात लागणार नसेल तरच घ्या.

नमस्कार. तुमच्या पत्नीची अट बरोबर आहे. तिच्यापाशी शेवटी येतो. आधी त्या आकड्याचं बघू, कारण चौदा हजार पौंड तुम्ही गाडीसाठी देणार नसून त्या आकड्यासाठी देणार आहात.

‘सिरीज दीड’ हे नाव कारखान्याचं नाही. गाड्या ब्राउन्स लेनमधून, म्हणजे जॅग्वारच्या कोव्हेंट्रीतल्या कारखान्यातून, बाहेर पडल्या, तेव्हा हे नाव कुणी दिलं नव्हतं; ते नंतर शौकिनांनी पाडलं. अमेरिकेचे सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम १ जानेवारी १९६८पासून लागू होणार होते, त्यासाठी जॅग्वारनं बदल सुरू केले. पण ते एका दिवसात झाले नाहीत. हेडलाइटवरची काच १९६७मध्येच गेली. डॅशबोर्डवरचे खटके जाऊन चपटी बटणं आली ती नंतर. अमेरिकेच्या गाड्यांना एसयू कंपनीच्या तीन कार्बोरेटरऐवजी स्ट्रॉम्बर्ग कंपनीचे दोन बसले, इंग्लंडच्या गाड्यांचे तीन एसयू तसेच राहिले. काच नाही पण खटके जुनेच, अशा गाड्यांना तर काही जण ‘सव्वा’ म्हणतात. मग मोजायला सुरुवात कुठून करायची? काचेपासून केली तर एक आकडा, बटणांपासून केली तर दुसरा. दोघंही खरं बोलत असतील आणि तरी आकडे दुप्पट-निम्मे निघतील.

चासी नंबरही, म्हणजे गाडीवर ठोकलेला तिचा ओळख क्रमांकही, इथे मदत करत नाही. ४.२ लिटरच्या सिरीज वनच्या गाड्यांचे नंबर ‘१ई’नं सुरू होतात आणि ‘दीड’चेही तेच पुढे चालू राहतात. ‘१आर’ येतं ते सिरीज टूपासून, म्हणजे १९६८च्या शरद ऋतूपासून. त्यामुळे सगळ्या ‘१ई’ मिळून किती, हे नंबरांवरून काढता येतं; त्यातला ‘दीड’चा तुकडा कुठे सुरू होतो, हे नंबर सांगत नाही. त्यात बांधणीची तारीख, रवानगीची तारीख आणि पहिली नोंदणी यांत महिन्यांचं अंतर असू शकतं. ‘१९६८ची गाडी’ म्हणताना विक्रेत्यानं यांतली कुठली तारीख धरली, हे त्याला जरूर विचारा.

चासी नंबर एक गोष्ट मात्र पक्की सांगतो, आणि ती दुर्मिळतेपेक्षा मोलाची आहे. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या ४.२ गाड्या १ई१००१पासून सुरू होतात, डाव्या स्टिअरिंगच्या १ई१०००१पासून. तुमच्या गाडीवर ‘१ई’पुढे पाच आकडे असतील, तर ती परदेशातून परत आणून स्टिअरिंग बदललेली गाडी आहे. तशा पुष्कळ आहेत आणि चालायला त्या चांगल्या असतात, पण ‘मूळची उजवी’ म्हणून तिचे पैसे देऊ नका. हेडलाइटचंही तसंच : कित्येक ‘दीड’वर नंतर काच बसवून त्या आधीच्यासारख्या केल्या गेल्या आहेत. आज रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या मोजूनही जुना हिशेब लागणार नाही, तो यासाठीच.

म्हणून माझं मत : दुर्मिळतेची किंमत शून्य धरा. पुढे विकायला जाल, तेव्हा समोरचा त्याच्या सोयीचा आकडा घेऊन येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पैसे द्यायचे ते पत्र्याचे आणि कागदांचे. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला मागवा. चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, बांधणी आणि रवानगीच्या तारखा त्यात असतात. ते नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. मग ई-टाइपचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून फ्लोअर, सिल (दाराखालची पट्टी) आणि पुढच्या नळ्यांची फ्रेम तपासून घ्या. गंज तिथे लागतो आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

आता तुमचा हिशेब. महिन्याचा घरखर्च तुम्ही ३,५०० लिहिलाय, म्हणजे सहा महिन्यांची गंगाजळी २१,०००. मुलीसाठी तीन वर्षांत मिळून २४,००० द्यायचं ठरवलंय. एकूण ४५,०००, याला हात लावायचा नाही. ८८,०००ची गाडी घेतलीत तर हातात ४२,००० उरतात; तुमच्या पत्नीची अट तिथेच मोडते. ७४,०००ची घेतलीत तर ५६,००० उरतात, म्हणजे विमा आणि दुरुस्तीला ११,०००. ओढाताण आहे, पण बसतं. त्यातून पहिल्याच वर्षी फ्रेमचं काम निघालं तर ते ११,००० पुरणार नाहीत, म्हणून तपासणीआधी बयाणा देऊ नका.

कराचं थोडक्यात : ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही, पण तोटा झाला तर तोही वजा मिळत नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ आहे, त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे गाडी गेली तर कंपनीशी आधी ठरलेली रक्कम मिळेल असा, आणि किंमत दर वर्षी नव्यानं ठरवून घ्या.

ही गुंतवणूक आहे असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कर्ज डोक्यावर असताना बचतीतला निम्म्याहून जास्त भाग एका गाडीत घालायला मी सहसा होकार देत नाही. इथे देतोय, कारण तुम्ही पेन्शनसाठी भरत असलेले हप्ते चालू आहेत, पगार दोन आहेत, आणि ज्या गावात ही गाडी बनली तिथेच तुम्ही ती चालवणार आहात. फक्त घ्यायची ती ७४,०००वाली, तीही दाखला आणि तपासणी दोन्ही हातात आल्यावर. ८८,०००वाल्याला एकदा जरूर विचारा, ७४ला देतो का. त्याची गाडी मूळची उजवी निघाली आणि पत्रा धड असला, तर तीही चालेल.