ऑक्टोबरात दोन संघ सांभाळताना

बेसबॉलमधले यांकीज आणि मेट्स दोन्ही आवडतात म्हणतोस. सप्टेंबरपर्यंत खुशाल आवडू देत. मोसमाच्या 162 सामन्यांत सगळं खपून जातं. पोस्टसीझन, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आत मात्र पहिला कोण ते ठरवून टाक. दोघंही न्यू यॉर्कचे, पण लीग वेगळ्या, त्यामुळे ऑक्टोबरात गाठ पडलीच तर थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत. तसं आजवर एकदाच झालंय, 2000 साली. यांकीजनी 4-1 ने जिंकली. दुसऱ्या सामन्यात मेट्सच्या माइक पियाझाची बॅट मोडली, तर यांकीजचा चेंडू टाकणारा क्लेमेन्स याने तिचा तुकडा उचलून त्याच्याच दिशेने भिरकावला. त्या रात्री ‘मी दोघांचाही’ म्हणणाऱ्याला न्यू जर्सीतल्या मराठी घरातसुद्धा कोणी चहा विचारला नसता!

बोस्टनच्या रेड सॉक्सना मात्र दुसरा संघ करू नकोस. ते यांकीजच्याच लीगमधले. 2004 मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत 0-3 ने मागे असताना त्यांनी यांकीजना 4-3 ने घरी पाठवलं, ते बोस्टनवाले अजून उगाळतात.

आपला संघ बाहेर पडला की लगेच दुसऱ्याची टोपी घालू नये. एक दिवस तरी सुतक पाळ.

आणि खेळाडूवर जीव लावताना जपून. हुआन सोटो 2024 ची वर्ल्ड सिरीज यांकीजकडून खेळला आणि त्याच हिवाळ्यात 15 वर्षांच्या, 76.5 कोटी डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला. जर्सी घ्यायचीच तर पाठीवर नाव नसलेली घे. यांकीजच्या खेळाडूंच्या पाठीवर तसंही नाव नसतंच.