कोकणात कमी बजेटमध्ये ड्रोनवरची थ्रिलर जमेल का?

तुम्ही विचारलंय की ड्रोनने गावातल्या लोकांवर पाळत ठेवणाऱ्या माणसाची थ्रिलर दोन-अडीच लाखात मालवणच्या बाजूला शूट करायचीय, जमेल का. जमेल की. मी इकडेच सहा वर्षं लग्नांचं ड्रोन शूटिंग करतोय म्हणून सांगतो, पैसे भारी ड्रोनवर घालू नका, आवाजावर घाला.

आपण वापरतो त्या साध्या ड्रोनला माईकच नसतो, आणि असता तरी पंख्यांच्या घरघरीत काय ऐकू येणार. म्हणजे वरून बघणाऱ्याला सगळं मुकं दिसतं, फक्त हातवारे. आणि खाली वाडीत उलटं, डोक्यावर माडांच्या झावळ्या असतात त्यामुळे भुणभुण ऐकू येते पण ड्रोन कुठे आहे ते दिसत नाही. खरी भीती इथे आहे. त्यामुळे व्हिलन ड्रोनवरून लोकांचं बोलणं ऐकतोय असं प्लीज दाखवू नका, सगळं तिथेच खोटं वाटायला लागतं.

मागे एका हळदीला मी ड्रोन जरा खाली आणला आणि शेजारच्या घराच्या खळ्यात एक काकी कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. रात्री फुटेज लावलं तर त्या वर बघतायत, मग पदर सावरून तशाच घरात गेल्या, सुपातली अर्धी सोलं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तर एवढंच म्हणाल्या, "झिला, माका इचारलंस काय?" क्लिप डिलीट केली, पण तुमच्या पिक्चरला मला असाच सीन हवाय, मारामारी नको.

नियमाचं म्हणाल तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही त्या भागात, 400 फुटांपर्यंत उडवता येतं, पण चिपी विमानतळ जवळ आहे तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा आधी बघा. हलका ड्रोन दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, सकाळी लवकर उडवा. आणि एखाद्या बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून बघणं किंवा शूट करणं हा न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. हे पटकथेतही वापरा, कारण गावात अशी तक्रार करायला बाईला किती धीर लागतो ते दाखवायला हवं.

अजून एक, 2025 च्या जानेवारीपासून आपल्या किनाऱ्यावर अवैध मासेमारी पकडायला सरकारी ड्रोन फिरतायत. म्हणजे घरघर ऐकून कोणी चटकन संशय घेणार नाही, खात्याचा असेल म्हणून सोडून देतील. तुमच्या व्हिलनला याच्यापेक्षा चांगला आडोसा मिळायचा नाही.

शूटिंगच्या आधी वाडीत घरोघरी जाऊन सांगा, नुसतं सरपंचांना सांगून भागत नाही. पटकथा झाली की इथेच टाका, ड्रोनचे शॉट मी बघून देईन.