वाचकांचे प्रश्न : आजोबांचा गोवा आणि काब्रालचा भुईमूग

प्रश्न : सर, आमचे आजोबा १९५५ साली गोवा सत्याग्रहासाठी आंबोली घाट उतरून गेले होते. १९६१ ला गोवा दोन दिवसांत सुटला. मग त्याच पोर्तुगीजांना आफ्रिकेतून जायला १९७४-७५ का उजाडलं? तिथले लोक कमी पडले का?
– एक वाचक, आजरा, जि. कोल्हापूर

उत्तर : 'कमी पडले' एवढं मात्र म्हणू नका. गोव्यात शेवटी भारताचं लष्कर उतरलं. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊसाठी कुणाचं लष्कर असं धावून आलं नाही. शस्त्रं बाहेरून मिळाली, पण रानात वर्षानुवर्षं लढले ते तिथलेच लोक. आणि गोवा गेल्यावरही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आफ्रिका सोडायला तयार नव्हता.

मला यात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊचा स्वातंत्र्यनेता अमिल्कार काब्राल जवळचा वाटतो, कारण तो शेतीखात्याचा माणूस. १९५३ मध्ये पोर्तुगीज सरकारच्याच नोकरीत त्यानं तिथली शेती-गणना केली. मी गडहिंग्लज भागात भुईमुगाचे पीक कापणी प्रयोग केलेत. खुंट्या ठोकून दोरीनं प्लॉट आखायचा, वेल उपटायचे, शेंगा तोडून तराजूत घालायच्या. तेवढ्या वेळात बांधावरचा शेतकरी सोसायटीच्या कर्जापासून भावकीपर्यंत सगळं बोलून जातो. काब्रालही असाच गावोगाव हिंडला. पोर्तुगीजांना निर्यातीसाठी भुईमूग हवा होता. लोकांना खायला लागायचा भात. तिथला शेतकरी कुठं पिचतोय हे त्याला फायलीतून कळलेलं नव्हतं.

१९५६ ला त्यानं साथीदारांसह स्वातंत्र्यासाठी पक्ष काढला. ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर मजुरीवाढीसाठी संप करणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून पक्षानं शहर सोडून खेडी धरली. १९६३ ला लढाई सुरू झाली. सोडवलेल्या भागात भाताची लागवड वाढवली, 'लोकदुकानं' काढली. शेतकऱ्यानं तांदूळ घालायचा, कापड न्यायचं.

२० जानेवारी १९७३ ला शेजारच्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, काब्रालचा खून झाला. तरी त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्याच्या माणसांनी स्वातंत्र्य जाहीर केलंच. या लढायांना विटलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली, आणि मगच पोर्तुगीज आफ्रिकेतून निघाले.

आणि तुमच्या आजोबांचा गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं करारावर सही करून मान्य केलं, तेही त्यानंतरच : ३१ डिसेंबर १९७४ ला.