एकट्यानं परिक्रमेला निघताना: वाचकांचे प्रश्न

कार्तिकी एकादशी जवळ आली की नर्मदा परिक्रमेची पत्रं वाढतात. या वेळी फक्त पायी आणि एकट्यानं निघणाऱ्यांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: वय ५९, नुकताच निवृत्त झालो. कार्तिकीनंतर ओंकारेश्वरहून एकटाच निघणार आहे. रोज पाच किलोमीटर चालतो. एवढं पुरे का? ओझं किती घ्यावं? (एक वाचक, सातारा)

पाच किलोमीटर पुरे नाहीत. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर, आणि वळसे धरले की त्याहून जास्त. रोज २० किलोमीटर धरले तरी साडेचार-पाच महिने जातात. एक दिवस वीस किलोमीटर बहुतेकांना जमतं. कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय सुजलेले असताना पुन्हा वीस चालायचे असतात तेव्हा. म्हणून तयारी बारा आठवड्यांची करा. पहिले चार आठवडे रोज ८ किलोमीटर, बिनओझ्याचे. पुढचे चार आठवडे १२ किलोमीटर, पाठीवर ४ किलो. शेवटचे चार आठवडे दर शनिवार-रविवारी लागोपाठ १८-२० किलोमीटर, पूर्ण ओझ्यासह. तुम्हाला यवतेश्वरचा घाट जवळ आहे, तो चढण्यापेक्षा उतरण्याच्या सरावासाठी वापरा. गुडघे उतारावर बोलतात.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण दिवसभर चालून पाऊल पसरतं. घट्ट बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. नवे बूट घालून निघू नका, आधी किमान शंभर किलोमीटर वापरा. फोड येतो तो घाम आणि घासणं एकत्र आल्यावर. जागा नुसती चुरचुरू लागली की तिथेच थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करा आणि मायक्रोपोर ही कागदी चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणत चाललेले तीन किलोमीटर पुढे तीन दिवस बसवून ठेवतात. मोठा फोड फोडावाच लागला तर सुई निर्जंतुक करून कडेनं टोचा, वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर हा उद्योग स्वतः करू नका, दवाखाना गाठा.

पाण्यासकट ओझं सात किलोच्या आत ठेवा. कपड्यांचे दोन जोड, पथारी, हलकं पांघरूण, पंचा, विजेरी, ताट-वाटी, लिटरची बाटली, नर्मदामैय्याच्या जलाची छोटी कुपी, औषधं. महिन्याभराच्या गोळ्या घ्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँड बदलतो, मूळ नावानं कुठेही मिळतं.

आणखी एक, जे निवृत्तांच्या हमखास ध्यानात राहत नाही: हयातीचा दाखला. सरकारी पेन्शन असेल तर तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, नेमके तेव्हाच तुम्ही वाटेवर असता. ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून तो फोनवरूनच देता येतो. घरी बसून, मुलाला शेजारी घेऊन आधी करून बघा. विम्याचा हप्ता, वीजबिल, लॉकरचं भाडं यांच्या तारखा एका कागदावर लिहून तो घरी द्या.

प्रश्न: शूलपाणीच्या झाडीत अजून लुटतात का? (एक वाचक, नाशिक)

काठच्या या जंगलात पूर्वी परिक्रमावासीयांचे कपडेसुद्धा काढून घेत. आता तसं फार कमी ऐकू येतं, उलट पाड्यांवर आग्रहानं जेवू घालतात. तिथली अडचण निराळी आहे: बडवानीच्या पुढे, आपल्या धडगाव-अक्कलकुवा भागातही, चढउतार मोठे, वाटा फुटलेल्या आणि फोनला रेंज नाही. एवढा टप्पा सोबतीनं करा. मागचे दोघे-तिघे येईपर्यंत आश्रमात थांबलं म्हणून तुमचं एकटेपण बाटत नाही.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी पती गेले. वय ५२. घरात बसवत नाही. एकटीनं परिक्रमा केली तर मन सावरेल का? बाईमाणसानं मुक्कामाचं कसं करावं? (एक वाचिका, सांगली)

सावरेलच असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. चालताना पाच-सहा तास बोलायला कुणी नसतं. घरच्या रगाड्यात दाबून ठेवलेलं सगळं तिथे वर येतं. ते येऊ देण्याइतकी ताकद आज आहे का, हे आधी पाहा. रात्री सलग झोप लागते का? दोन वेळा जेवण जातं का? सकाळी उठून आंघोळ, वेणीफणी कुणी न सांगता होते का? यातलं एक जरी होत नसेल तर या वर्षी थांबा आणि डॉक्टरांशी बोला. १४४१६ या मनाच्या आधारासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मनाच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता मैय्या सांभाळेल’ म्हणून सोडू नका. एकदम बंद केल्या की काही दिवसांतच झोप उडते, घालमेल होते, आणि ते नेमकं परक्या गावात होतं.

जमेल असं वाटलं तर रंगीत तालीम करा. नरसोबाच्या वाडीला एकट्या जा, तीन रात्री राहा. महाप्रसादाच्या पंगतीत अनोळखी माणसांत बसा, घरी दिवसातून एकदाच फोन करा. तिसऱ्या दिवशी कसं वाटतं ते महत्त्वाचं. पहिला दिवस नवलाईचा असतो. वाडीशी नातं असलेल्या, दत्तभक्त टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरला, नर्मदेच्या उत्तर काठावर आहे. नर्मदेच्या मुखाशी नावेनं समुद्र ओलांडून दुसऱ्या काठानं परतताना तो मुक्काम तुम्हाला ओळखीचा वाटेल.

सगळ्यांत अवघड वेळ साडेचार ते सात. मुक्कामी पथारी पसरून झालेली असते, अंधार उतरत असतो आणि हाताला काम नसतं. ती वेळ रिकामी ठेवू नका. आश्रमाच्या स्वयंपाकघरात जा, भाजी निवडा, पोळ्या लाटा. चुलीपाशी बायका आपण होऊन बोलतात आणि रात्री झोपायला सुरक्षित जागा कुठली, तेही तिथेच कळतं.

मुक्काम चारच्या आत गाठा. पोचताच विचारा, ‘और कोई माताराम हैं?’ परिक्रमेतल्या बाईला तिथे माताराम म्हणतात. कुणी नसेल तर गावातल्या कुटुंबाकडे सोय होईल का ते विचारा, अंगणवाडीताई बहुतेक घरं ओळखून असतात. उजाडण्याआधी एकटीनं घाटावर जाऊ नका. जागेबद्दल मनात पाल चुकचुकली तर सबब शोधू नका, सरळ उठून दुसरीकडे जा. अडचणीला ११२.

परतावंसं वाटेल, वाटतंच. तो निर्णय रात्री घेऊ नका आणि उपाशीपोटी तर नकोच. जेवा, झोपा, एक दिवस विसावा घ्या. दुसऱ्या सकाळीही तेच वाटलं तर निःशंक घरी जा. ताप किंवा जखम असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच परता. परिक्रमा खंडित होईल या धास्तीनं लोक पिकलेला पाय ओढत चालतात, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

प्रश्न: मुलगा म्हणतो, दिवसातून तीनदा फोन करणार असाल तरच जा. (एक वाचक, ठाणे)

तीनदा कबूल करू नका, पाळता येणार नाही. एकदा फोन चुकला की घरी रडारड सुरू होते आणि तुमचं मन वाटेवर राहत नाही. त्याऐवजी रोज मुक्कामी पोचल्यावर गावाचं नाव एवढाच निरोप द्या आणि रविवारी संध्याकाळी बोला. ४८ तास निरोप आला नाही तर मुलानं आधीच्या मुक्कामाला फोन करायचा, म्हणून प्रत्येक आश्रमाचा क्रमांक निरोपात जोडा. झाडीत हीच मुदत चार दिवसांची. नर्मदेच्या मुखाशी विमलेश्वरहून पलीकडच्या मिठीतलाईला जाणारी नाव भरतीवर सुटते, तिथे एखाद-दोन दिवस अडकायला होतं, हेही आधी सांगून ठेवा. मुलाची काळजी खरी आहे, तिला असा नेम दिला की ती आवरते.

प्रश्न: पैसे द्यायची ऐपत आहे. लोकांच्या दारात फुकट जेवायला संकोच वाटतो. (एक वाचिका, पुणे)

संकोच वाटणं चांगलंच आहे, पण तो घेऊन अख्खा काठ चालता येत नाही. मधल्या कित्येक गावांत खानावळ नाही. आयुष्यभर देणाऱ्या हातांना घेणं शिकावं लागतं, आणि एकट्याच्या प्रवासाची हीच खरी तयारी आहे असं आम्हाला वाटतं. पुढच्या आषाढीला वारीत दोन टप्पे चाला आणि मिळेल त्या पंगतीत बसा. ‘नर्मदे हर’ म्हणून दाराशी उभं राहावं, वाढण्याआधीच ‘दोनच पोळ्या’ सांगावं, ताट आपलं आपण घासावं. आश्रमाच्या पेटीत जमेल ते टाका. गरीब घरातल्या माउलीच्या हातावर मात्र नोट ठेवू नका. पोरांना खाऊ द्या.

काही ठिकाणी सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो. म्हणून टिक्कड, म्हणजे निखाऱ्यावरची जाड रोटी, आधी घरी करून बघा. दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, पाऊण वाटी पाणी. घट्ट मळा आणि हातावरच बोटाएवढं जाड थापा. ज्वाळेवर टाकलं तर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि रात्री पोट दुखतं. जाळ विझू द्या, निखारे पसरा, दोन्ही बाजू कोरड्या झाल्या की कडेनं उभं करून शेका. बोटानं दाबल्यावर पीठ चिकटलं नाही, म्हणजे झालं.