रोज संध्याकाळी डीएसएल तुटतं, नवा राउटर घेऊ की कनेक्शनच बंद करू?

राउटर घेऊ नका. डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट, तेव्हा निदान घरातली तार तपासल्याशिवाय तरी घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं हेच कनेक्शन आहे, दिवसा नीट चालतं, सातनंतर दर अर्ध्या तासाला तुटतं, आणि घरातले सगळे म्हणतात की राउटर जुना झालाय. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तेच वाक्य मी सहा वर्षं ऐकलंय, माझ्या दादाकडून. त्या सहा वर्षांत आमच्या घरात तीन राउटर आले. तिसरा चांगला आहे. दुसराही चांगला होता, आणि पहिल्यातही काही दोष नव्हता.

मी घरून हिशेबाचं काम करते. दिवसभराच्या फाइली संध्याकाळी वर चढवायच्या असतात, आणि आमची लाइन नेमकी तेव्हाच पडायची. दादा म्हणायचा, "अगं, जुनं डबडं ते. फेकून दे." मी विचारायचे, "मग दुपारी हेच डबडं बिनतक्रार कसं चालतं?" याचं उत्तर त्याने कधी दिलं नाही. उठायचा, राउटर बंद करायचा, दहा आकडे मोजायचा, चालू करायचा. लाइन यायची आणि तो म्हणायचा, "बघ." तासाभरात पुन्हा गेलेली असायची.

तक्रार केली की माणूस यायचा, पण यायचा दुपारी बाराला. मीटर लावायचा, आकडे ठीक निघायचे, "लाइनला काही नाही" म्हणून जायचा. त्याला मी खोटं म्हणणार नाही. दुपारी बाराला आमच्या लाइनला खरोखरच काही नसायचं.

मग मी वही घातली. मॉडेमच्या, म्हणजे राउटरमधल्या तारेशी जोडणाऱ्या भागाच्या, सेटिंगच्या पानावर तीन आकडे असतात: सिंकचा वेग, अ‍ॅटेन्युएशन आणि नॉइज मार्जिन. पहिला म्हणजे मॉडेम आणि एक्सचेंज (फोन कंपनीचं केंद्र) यांनी जुळताना ठरवलेला वेग, दुसरा म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला, आणि तिसरा म्हणजे तारेत शिरणाऱ्या गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरला; तो फार उतरला की लाइन पडते. दुपारी दोनला आणि रात्री नऊला हे तिन्ही लिहायचे, एवढंच. आमचं अ‍ॅटेन्युएशन ४३ डेसिबल, म्हणजे एक्सचेंजपासून साधारण तीन किलोमीटर तार. एडीएसएल-टू-प्लस, म्हणजे आमच्याकडे आहे त्या प्रकारचं डीएसएल, कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जातं, पण ते एक्सचेंजच्या जवळ राहणाऱ्यांसाठी. तीन किलोमीटरवर सात-आठ मिळाले तरी लाइन उत्तम म्हणायची. आम्हाला दुपारी सिंक झालं तर ६.३ मिळायचे, मार्जिन ६. रात्री नऊला तेच मार्जिन दीड-दोनवर आलेलं असायचं. तिथून लाइन पडायची आणि परत यायची ती ४.४ वर.

पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. जुना झालेला राउटर घड्याळ बघून बिघडत नाही. गोंगाट घड्याळाप्रमाणे येतो. एडीएसएल-टू-प्लसचा खाली येणारा सिग्नल १३८ किलोहर्ट्‌झपासून २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरलेला असतो. रेडिओची मीडियम वेव्ह, साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्‌झ, बरोबर त्याच्या मधोमध बसते. दिवसा या लहरी वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू यायला लागतात. ती तुमच्या तारेलाही ऐकू येतात. त्यात आजूबाजूच्या घरांतले मॉडेम, दिवे, चार्जर याच वेळी चालू होतात आणि एकाच केबलमधल्या वेगवेगळ्या घरांच्या तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. म्हणून रात्री मार्जिन थोडं उतरणं स्वाभाविक आहे. पण लाइन पडेल इतकं उतरत असेल, तर कुठेतरी तार हा गोंगाट जास्तच गोळा करते आहे.

आमच्याकडे ती तार बाबांच्या खोलीची होती.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दादाने हॉलमधल्या फोनपासून त्यांच्या खोलीपर्यंत जादा तार ओढली होती. स्वतः, चौकटीवरून, खिळे ठोकून, अर्ध्या दिवसात. बाबा पलंगावरूनच फोन घ्यायचे. ते गेल्यावर तिथला फोन काढला आणि तार तशीच राहिली. कपाटामागे तिचं टोक मोकळं लोंबत होतं. कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण जिथे काही जोडलेलंच नाही ती तार काय करणार, असं आपल्याला वाटतं.

ती खूप काही करते. सिग्नल त्या फाट्यात शिरतो, मोकळ्या टोकावरून उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलमधल्या काही फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो. तारेचं काम करणारे याला ब्रिज टॅप म्हणतात. वर पंधरा मीटर मोकळी तार म्हणजे आयती अँटेना. दुपारी ती गप्प असते, रात्री सगळी स्टेशनं गोळा करते.

एका रात्री नऊला मी लाइन घरात शिरते त्या पहिल्या खोक्यातून बाबांच्या खोलीकडे जाणारी दोन टोकं सोडवली आणि मॉडेमला पुन्हा सिंक होऊ दिलं. मार्जिन तेच ६ (सिंक होताना वेगच असा ठरतो की मार्जिन तेवढं उरावं), वेग ७.१. आदल्या रात्री त्याच वेळी ४.४ होता. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले होते.

पण त्याच आठवड्यात दादाने तिसरा राउटर आणला. लाइन सुधारलेली त्याने पाहिली आणि घरात सगळ्यांना सांगितलं की शेवटी राउटर बदलला तेव्हाच झालं. मी वही दाखवली, त्याने उघडली नाही. मग नवा राउटर तसाच ठेवून मी दोन रात्री ती तार परत जोडली: ४.५ आणि ४.३. तिसऱ्या रात्री सोडवली: ७.१. आणखी काय पुरावा द्यायचा? दादा अजूनही राउटरच म्हणतो. ती तार त्याने बाबांसाठी ओढली होती, तिला दोष दिलेला त्याला सोसला नसेल, हे मला फार उशिरा सुचलं. मी ती कापलेली नाही. चौकटीवर अजून तशीच आहे, फक्त खोक्यात जोडलेली नाही.

तर तुम्ही करायचं ते असं. आज रात्रीच मॉडेम त्या पहिल्या खोक्यावर लावा आणि पुढच्या सगळ्या तारा, फोन, स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारं खोकं) सोडवा. आकडे सुधारले तर दोष घरातला, राउटरचा नाही. मग एकेक तार परत जोडत जा, आकडे पडतील तिथे सापडलं. त्यानंतर मीडियम वेव्ह असलेला छोटा रेडिओ घ्या, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरवा. ज्या अडॅप्टरपाशी तो जोरात गुरगुरेल तो काढून बघा. आमच्याकडे टेबलावरच्या दिव्याचा निघाला. त्यानेही रात्रीच्या मार्जिनमध्ये दोनेक डेसिबलचा फरक पडला. आणि लँडलाइनवर बोलताना खरखर येत असेल किंवा घंटी वाजली की नेट तुटत असेल, तर फिल्टर (फोनला नेटच्या सिग्नलपासून वेगळं ठेवणारी डबी) तरी नाही किंवा तारेचा जोड तरी सडलाय. तेव्हा नेटची तक्रार करू नका, फोनची करा. आवाजाचा दोष कोणालाही कानाने ऐकू येतो, तिथे "लाइनला काही नाही" म्हणता येत नाही.

आणि कृपा करून सारखा रीस्टार्ट करू नका. यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली आणि या बाबतीत माझं म्हणणं अगदी ठाम आहे. बऱ्याच ठिकाणी पलीकडची यंत्रणा लाइन किती वेळा पडली ते मोजत असते. आपण हाताने बंद केलं की लाइन अस्थिर आहे असं ती धरू शकते, आणि वेग उतरवून ठेवते. तो परत चढायला कित्येक दिवस जातात. रीस्टार्ट करायचाच असेल तर रात्री नऊला, गोंगाट सर्वांत जास्त असताना, एकदाच. तेव्हा जो वेग मिळेल तो थोडा कमी असेल, पण दुसऱ्या दिवशी टिकेल. दुपारी सिंक करून जास्त वेग मिळवला तर रात्री तोच महागात पडतो. दादा रोज सकाळी ऑफिसला जाताना "ताजातवाना" करून जायचा, आणि संध्याकाळी लाइन पडली की मला राउटरचा दोष सांगायचा.

कनेक्शन बंद करायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तुमच्या दारात फायबर येत असेल तर विचार करत बसू नका, घ्या. फायबरमध्ये मीडियम वेव्ह शिरत नाही. मोबाइल डेटाबद्दल मी काही ठाम सांगणार नाही, तो तुमच्या खिडकीत किती पोहोचतो त्यावर आहे. मी डीएसएल ठेवलं, कारण तार सोडवल्यापासून ते महिनोन्‌महिने पडत नाही आणि माझ्या फाइलींना एक एमबीपीएस अपलोड पुरतो. मात्र अपलोड चालू असताना बाकी सगळं मंदावणार, हे गृहीत धरा. डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच अरुंद वाटेने वर जातात.

राउटर कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. त्याचा अडॅप्टर थकला की तोही असाच वागतो, तेव्हा मित्राचा मॉडेम दोन दिवस लावून बघा, विकत घेऊ नका. अ‍ॅटेन्युएशन ६० च्या वर असेल तर घरातल्या तारा आवरून फार काही हाती लागणार नाही, तुम्ही एक्सचेंजपासून फार लांब आहात. आणि पाऊस पडला की लाइन जात असेल तर दोष बाहेरच्या जोडात शिरलेल्या पाण्याचा. तिथे माझी ही सगळी कथा लागू नाही, ज्या दिवशी पाऊस असेल त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

तपासून झालं की सिंकचा वेग, अ‍ॅटेन्युएशन आणि मार्जिन इथे लिहा, तार सोडवण्याआधीचे आणि नंतरचे. रात्री नऊचे लिहा, दुपारचे नकोत.