तुमच्या स्टेशनचा दिवस कधी संपतो?

घरच्या वेदर स्टेशनबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न जमा झालेत. निम्म्याहून जास्त प्रश्न तारखेच्या घोळाचे आहेत, म्हणून ते आधी घेतो आणि जरा पसरूनच घेतो. बाकीचे जमतील तसे.

प्रश्न : मी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्युम्युलस एमएक्स हे वेदर स्टेशनच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर चालवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तो पाऊस माझं सॉफ्टवेअर २२ तारखेला दाखवून राहिलं आहे. घड्याळ तपासलं, टाइमझोन तपासला, सगळं बरोबर आहे. आमच्या दारात पाणी २३ ला आलं हो, मी स्वतः पहाटे खुर्च्या वर उचलून ठेवल्या! मग हे असं काहून? (अंबाझरी लेआऊट)

उत्तर : भाऊ, घड्याळ बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरही खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचा दिवस आणि तुमचा दिवस वेगळा आहे. सेटिंगमध्ये रोलओव्हर नावाची गोष्ट बघा, म्हणजे दिवस बंद करून नवा कधी उघडायचा ते. क्युम्युलसमध्ये दोनच पर्याय मिळतात, रात्री बारा किंवा सकाळी नऊ. तुमच्याकडे नक्की नऊ असणार. मग २२ च्या सकाळी नऊला उघडलेला दिवस २३ च्या सकाळी नऊपर्यंत चालतो आणि तो ज्या तारखेला सुरू झाला त्या तारखेच्या नावावर जमा होतो. बहुतेक पाऊस मध्यरात्रीनंतरचा, म्हणून तो सगळा २२ च्या खात्यात गेला.

हे सकाळी नऊचं प्रकरण आलं कुठून, तर हे सॉफ्टवेअर मुळात स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर राहणाऱ्या स्टीव्ह लॉफ्ट यांनी लिहिलं, आणि ब्रिटनमध्ये पावसाचं माप सकाळी नऊला घेऊन आदल्या तारखेला टाकायची जुनी पद्धत आहे. त्याच ठिकाणी 'उन्हाळ्यात दहा वाजता' असाही एक पर्याय दिसेल. तो त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात त्यासाठी आहे, आपला उन्हाळा कितीही भाजणारा असला तरी घड्याळ काही हलत नाही, तेव्हा तिकडे लक्षच देऊ नका.

आता खरी गंमत. आपलं हवामान खातं पावसाचं माप सकाळी साडेआठला घेतं. जगभरची केंद्रं एकाच वेळी नोंदी घेतात, ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, आपण साडेपाच तास पुढे म्हणून साडेआठ. पण खातं तो आकडा ज्या सकाळी मोजला त्या सकाळच्या तारखेला लिहितं, आदल्या तारखेला नाही. म्हणजे २३ च्या पहाटेचा पाऊस खात्याकडे २३, बारा वाजताच्या सेटिंगवर २३ आणि तुमच्याकडे २२. पण आता समजा पाच जुलैला दुपारी चारला सर आली, तर तुमच्याकडे पाच, बारावाल्याकडेही पाच, आणि खात्याकडे सहा! कारण ती सर सहाच्या सकाळी मोजली गेली. एकच सर, एकच छत, आणि तारखा दोन. यात चूक कोणाचीच नाही, पण हे माहीत नसेल तर माणूस वर्षभर पेपर आणि स्क्रीन समोरासमोर ठेवून डोकं खाजवत बसतो. मी बसलो आहे.

माझं काय झालं ते सांगतो. सुरुवातीला मी पण मोठ्या हुशारीने नऊ निवडलं होतं, म्हटलं साडेआठच्या जवळ जातंय, शास्त्रीय दिसतंय. पुढे २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची ती विक्रमी थंडी पडली, त्या सकाळी दात वाजवत गच्चीवर गेलो होतो म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचं किमान बघतो तर २८ डिसेंबर! साहजिकच, थंडी पडते पहाटे सहाच्या आसपास आणि ती वेळ नऊच्या आधीची, म्हणून माझी प्रत्येक थंड सकाळ आदल्या दिवशी जाऊन बसत होती. पावसाचं एक वेळ ठीक आहे, पण 'काल पहाटे थंडी होती' असं जे आपण बोलतो ते आपल्याच वहीत सापडू नये हे मला काही पटेना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घरच्या स्टेशनला रात्री बारा ठेवा. तापमान माणसाच्या तारखेशी जुळतं, घरचे लोक विचारतात तेव्हा समजावत बसावं लागत नाही. खात्याशी पाऊस ताडून पाहायचा असेल तर साडेआठ ते साडेआठचा आकडा वेगळा काढा. सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी लॉगमध्ये ओळ टाकतं, त्यात पावसाचा चढत जाणारा काउंटर असतो, आजच्या साडेआठच्या काउंटरमधून कालचा वजा केला की झालं. मी तो एका वेगळ्या शीटमध्ये टाकतो आणि वरती मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'तारीख मोजल्याची, पडल्याची नाही'.

आणि एक, सेटिंग बदललं म्हणजे जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. आधीच्या ओळी नऊच्या हिशोबाने आणि पुढच्या बाराच्या, अशी खिचडी होते. लॉग असतील तर त्यावरून जुने दिवस पुन्हा काढा, नसतील तर ज्या दिवशी बदल केला ती तारीख लिहून ठेवा. वर्षाच्या मध्यात बदलू नका, एक जानेवारीला बदला, तेव्हा नागपुरात पाऊसही फारसा नसतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये माझं स्टेशन दुपारी ४९-५० दाखवतं, पेपरात ४३-४४ असतं. सॉफ्टवेअरमध्ये उणे पाचचा ऑफसेट टाकू का? (मनीषनगर)

उत्तर : टाकू नका, टाकलात तर डिसेंबरमध्ये तुमच्याकडे बर्फ पडेल! सूर्याने तापलेल्या सेन्सरची चूक मुख्यतः दुपारी असते आणि ऑफसेट चोवीस तास वजा होत राहतो. आधी आजार ओळखा. जुलैतला ढगाळ, वारा असलेला एक दिवस धरा आणि त्या दिवशीचे आकडे पेपरातल्याशी जुळवून बघा. त्या दिवशी जुळले म्हणजे सेन्सर चांगला आहे, जागा वाईट आहे. त्या दिवशीही तेवढाच फरक असेल तरच ऑफसेटचा विचार.

तुमची जागा मी न बघता सांगतो, गच्चीवर, कठड्याला, स्लॅबपासून दोन-तीन फुटांवर. नागपूरचा स्लॅब मे महिन्यात दुपारी तवा असतो आणि रात्री दहापर्यंत सुद्धा तो उष्णता सोडत राहतो. खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, मातीच्या नाहीतर गवताच्या जमिनीवर, सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतात आणि पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत येत नाही. तेवढी जागा शहरात कोणाकडे नसते हे मान्य, पण अंगण असेल तर अंगणात लावा, नसेल तर गच्चीवर उंच पाइपवर आणि चांगल्या शील्डमध्ये, म्हणजे ऊन अडवून हवा खेळू देणाऱ्या आवरणात. शक्य असेल तर आत छोटा पंखा असलेलं शील्ड घ्या. आणि हो, कूलरपासून लांब! एका ओळखीच्यांकडे मे महिन्यात भर दुपारी ६० टक्के आर्द्रता दिसत होती, जाऊन पाहिलं तर सेन्सर खिडकीशेजारी आणि खिडकीत कूलर, खसाच्या ताट्यांतून आलेली ओली हवा फिरून थेट सेन्सरवर.

वाईट वाटून घेऊ नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, व्हॉट्सॲपवर तर लोकांनी नागपूरला भट्टीच करून टाकलं, आणि नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. त्याच दिवशी शहरातली दुसरी काही केंद्रं चव्वेचाळीसच्या आसपास होती. शेजारच्या केंद्राशी ताडल्याशिवाय कुठलाच विक्रम जाहीर करायचा नाही, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर नाहीच नाही.

प्रश्न : पावसाळ्यात लाईट जाते, कॉम्प्युटर बंद पडतो. तेवढ्या वेळचा पाऊस गेला का? (हिंगणा रोड)

उत्तर : बहुतेक वेळा नाही जात. पर्जन्यमापकातलं छोटं चमच्यासारखं भांडं भरलं की उलटतं आणि प्रत्येक उलटीला काउंटर एकने वाढतो, तो आकडा स्टेशनकडे राहतो, तिथे बॅटरी असते. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला की सॉफ्टवेअर मागचा आणि आताचा काउंटर बघून फरक जमा करतं. अडचण फक्त तेव्हा होते जेव्हा लाईट रोलओव्हरच्या वेळेला गेलेली असते, मग कोणता मिलिमीटर कोणत्या तारखेचा ते सॉफ्टवेअरला कळत नाही. काही स्टेशनच्या कन्सोलमध्ये, म्हणजे घरातल्या स्क्रीनच्या डब्यात, स्वतःची मेमरी असते आणि सॉफ्टवेअर तिथून मागचं वाचून घेतं, पण सगळ्यांत नसते, घेताना विचारा. माझं उत्तर रास्पबेरी पाय आणि राउटरसाठीचा छोटा यूपीएस, दोन्ही मिळून फार वीज खात नाहीत.

लाईटपेक्षा जास्त पाऊस मात्र पाला आणि पाल खातात. कडुनिंबाची पानं फनेलमध्ये अडकतात, उन्हाळ्याची धूळ बसते, एकदा तर मृगाच्या पहिल्या पावसात माझ्याकडे शून्य, बाहेर रस्त्यावर नदी. उघडलं तर आत कोळ्याचं जाळं आणि भांडं त्याला चिकटलेलं. मे संपायच्या आत साफ करायचं आणि पाणी ओतून बघायचं. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. फनेलचं तोंड २०० चौरस सेंटीमीटर असेल तर २०० मिली पाणी थेंब थेंब सोडल्यावर १० मिमी दिसायला हवं. घाईने ओतू नका, भांडं उलटताना पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो.

प्रश्न : रोजच्या नोंदींची फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तेव्हापासून सॉफ्टवेअर एरर देऊन राहिलं. (धंतोली)

उत्तर : एक्सेलने तारखा आपल्या मनाने फिरवल्या. क्युम्युलसच्या फाइलमध्ये आधी दिवस मग महिना असतो, एक्सेलची सेटिंग अमेरिकन असेल तर पाच जुलैचा सात मे होतो आणि वरून ते शहाण्यासारखं गप्प बसतं. मूळ फाइल बॅकअपमधून परत आणा. पुढे एक्सेलमध्ये कायम कॉपी उघडायची, आणि मूळ फाइलमध्ये हात घालायचाच असेल तर साध्या नोटपॅडमध्ये. बॅकअप नसेल तर महिन्याच्या लॉगवरून दिवस पुन्हा बांधता येतात, वेळखाऊ आहे पण होतं.

प्रश्न : माझ्या स्टेशनवर हवेचा दाब ९७० हेक्टोपास्कल, पेपरात १००५. (वर्धमाननगर)

उत्तर : नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, तेवढ्याने ३५ च्या आसपास फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये उंची भरा, तो आकडा समुद्रसपाटीवर आणून दाखवेल.

प्रश्न : माझ्या बाबांनी पंधरा वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहिलाय. ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं आहे. (रेशीमबाग)

उत्तर : ताई, हे पत्र मी तीन वेळा वाचलं. घाईने सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये टाकू नका, आधी वेगळ्या शीटमध्ये उतरवा, जसंच्या तसं, खाडाखोड सुद्धा शेरा म्हणून. कोऱ्या जागी शून्य भरू नका, बाबा गावाला गेले असतील. शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हता, कोरं म्हणजे मोजलंच नाही. पावसाचे दिवस मोजताना खात्याचा नियम लावा, २.५ मिमी किंवा जास्त असेल तरच पावसाचा दिवस, नाहीतर नुसत्या भुरभुरीने संख्या फुगते.

आणि मुख्य प्रश्न वरचाच आहे, बाबा सकाळी मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचे की कालच्या? दोन्ही पद्धती घराघरात चालतात. कळायला मार्ग असा की मोठ्या पावसाचे आठ-दहा दिवस निवडा आणि नागपूरच्या जुन्या सरकारी आकड्यांशी ताडा, सगळे एक दिवस मागे सरकलेले दिसले तर बाबा कालची तारीख लिहायचे. पण तुम्ही लिहिलंय की ते अजून रोज सकाळी तुमच्याकडे चहाला बसतात, मग त्यांनाच विचारा ना.